पोथीच्या कापडातलं टपाल

आमच्या कॉलेजचा जुना सर्व्हर कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. एरवी माझं कुणाला काही पटत नाही. पूर्व भूतानातल्या एका डोंगरमाथ्यावरच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं संगणकाची खोली सांभाळली. नाव फुरपा. दात पडायला लागले तसं लोक मेमे फुरपा म्हणू लागले, म्हणजे फुरपाआजोबा. शेजारच्या गोम्पाचा, म्हणजे मठाचा, राखणदार खांडू म्हणतो की एकवीस वर्षांत माझ्या तोंडून एकच खरी गोष्ट बाहेर पडली. ती ही.

तर तो सर्व्हर. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, आणि अंगात कायम ताप. पावसाळ्याचे चार महिने सबंध डोंगरावर कोरडी खोली म्हणून ती एकच. त्यामुळे मेसच्या स्वयंपाक्यापासून प्राचार्यांच्या बायकोपर्यंत सगळ्यांच्या लाल मिरच्या त्या कपाटावर वाळायच्या. शिवाय ते गुणगुणायचं. एका सुरात, दिवसरात्र. गोम्पातले भिक्खू त्या सुरावर आपले लांब कर्णे जुळवून घेत. एकदा वीज गेली आणि गुणगुण थांबली, तर तीन दिवस पूजा बेसूर झाली असं मी ऐकलंय. कुणाकडून ऐकलं ते विचारू नका.

त्या कपाटात कॉलेजात शिकून गेलेल्या आणि शिकत असलेल्या एकोणीस हजार मुलांची ईमेल खाती होती. मग राजधानीतून, थिंफूहून, हुकूम आला की सगळी खाती नव्या जागी हलवा, जुनं कपाट बंद करा. नवी जागा कुठं, असं आम्ही प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, ढगात. खांडूनं खिडकीबाहेर पाहिलं. दरी काठोकाठ ढगांनी भरली होती. "यांतल्या कुठल्या?" त्यानं अगदी सरळपणे विचारलं.

काम असं होतं: जुनी खाती एका क्षणी कुलूपबंद करायची, मग आतलं सगळं तारेवरून थिंफूला सोडायचं, आणि ते तिथं पोचलं की नवी खाती उघडायची. पाच दिवस लागणार होते. सुरुवात कधी करायची ते कुणी ठरवायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे नव्या घरात चूल हलवायची तरी ज्योतिषाला विचारतात, इथं तर एकोणीस हजारांचं बिऱ्हाड. ज्योतिषानं पंचांग चाळून नऊ तारीख दिली, सकाळी दहा ते सव्वादहा. त्यानंतर म्हणे महिनाभर मुहूर्त नाही.

नऊ तारखेला दहाला पाच कमी असताना ल्हाझीन धावत आली. ही शेवटच्या वर्षाची मुलगी, वरच्या कुरणांतल्या याकवाल्यांची. बर्फाच्या पोटात साठलेली तळी कधी फुटतात हे शिकायला तिला परदेशी जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी तसंच एक तळं फुटून तिच्या चुलत्याचा गोठा वाहून गेला होता. अर्ज करून सहा महिने झाले होते. त्या सकाळी तिच्या फोनवर पत्राचा नुसता मथळा दिसला: तुमच्या जागेबाबत, उत्तर पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत द्यावे. पत्र काही उघडेना. आठ दिवसांच्या पावसानं तार अर्धमेली झाली होती.

"मेमे, अर्धा तास द्या," ती म्हणाली. "पत्र उघडलं की त्यातच हो म्हणायची जागा आहे. दुसरीकडून हो म्हणता येत नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. ज्योतिषाच्या कागदाकडे पाहिलं. मग मोठेपणानं सांगितलं की पोरी, पाच दिवसांत सगळं नव्या घरात पोचतंय, चौदा तारखेला तिथं बसून निवांत वाच. मुहूर्त चुकवून एकोणीस हजारांचं वाटोळं मी करणार नाही. आणि दहा वाजून चार मिनिटांनी कुलूप घातलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी ल्हामखार गावाखालचा अख्खा डोंगर खाली बसला. रस्ता गेला आणि रस्त्याकडेची तारही गेली. जुनी खाती बंद, नवी रिकामी, आणि कुलूप परत उघडायचं तर ते थिंफूहून, त्याच तुटलेल्या तारेवरून. एकोणीस हजार जणांची पत्रं ना इकडं राहिली ना तिकडं गेली.

ल्हाझीन चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती कपाटासमोर बसली आणि तिनं एकच विचारलं, की पत्र आता यात आहे का. आहे म्हटलं. आणि काढता येत नाही? नाही म्हटलं.

सैन्याच्या चौकीवरून बिनतारी यंत्रावर निरोप गेले आले. दरडीपलीकडे सेरझाम नावाचं बाजाराचं गाव आहे, तिथल्या टेलिफोन कचेरीतली तार धड होती. थिंफूचा इंजिनियर केझांग तिथं यंत्र घेऊन पोचला होता. तो म्हणाला, सगळ्याची नक्कल डिस्कवर उतरवा आणि चौदाच्या दुपारपर्यंत माझ्या हातात द्या, म्हणजे पंधराला खाती उघडून देतो. फक्त एकही डिस्क मागं राहता कामा नये. नक्कल अशी होते की प्रत्येक पत्राचे बारीक बारीक तुकडे सगळ्या डिस्कवर विखुरतात. एक हरवली तर बाकीच्यांचा भुगा.

नक्कल उतरवायला दोन दिवस गेले. डिस्क भरल्या एकशे आठ. खरं सांगायचं तर एकशे तीन, पण एकशे तीन हा काय आकडा आहे? मी पाच कोऱ्या जोडल्या.

आता एवढा पाऊस, आणि त्या काही भिजून चालणार नव्हत्या. खांडू आला, त्यानं ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, यात अक्षरं आहेत का. मी म्हटलं, अक्षरांशिवाय दुसरं काहीच नाही. मग तो म्हणाला की अक्षरं जमिनीवर ठेवत नाहीत एवढंही तुला कळत नाही का. आणि गोम्पात जाऊन त्यानं पोथ्यांची कापडं आणली. आमच्याकडे कांग्यूरच्या, म्हणजे बुद्धाच्या वचनांच्या, एकशे आठ पोथ्या असतात. प्रत्येक पोथी पिवळ्या रेशमात गुंडाळून दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली, आणि पाठीवर घ्यायला पट्टा. दर वर्षी पेरणी झाली की गावोगावचे लोक त्या पाठीवर घेऊन शेतांभोवती फेरी काढतात, म्हणजे पीक चांगलं येतं. यंदा पावसानं फेरी राहूनच गेली होती. तीच कापडं, त्याच फळ्या, तेच पट्टे. आत डिस्क. वर खांडू शंख घेऊन निघाला, कारण त्या कापडात काहीही बांधलेलं असो, शंखाशिवाय ते गोम्पाच्या दारातून बाहेर पडत नाही म्हणे.

बारा तारखेला सकाळी आम्ही खेचरांच्या जुन्या वाटेनं निघालो. सुट्टीमुळे मुलं, मास्तर मिळून सत्तावीसच जण होतो, प्रत्येकाच्या पाठीवर चार पुडकी. ल्हाझीन सगळ्यांत पुढं. चढाला माझी जीभ गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा तिनं मागं येऊन माझं एक पुडकं आपल्या पाठीवर घेतलं.

बोंगझोर गावाच्या वेशीवर पोचलो आणि पाहतो तर सगळं गाव उभं. शंख ऐकून आले होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना धुपाच्या ओल्या फांद्या धुमसत होत्या, म्हातारे टोप्या काढून वाकले होते, बायांनी पोरं पुढं केली होती. फेरी आली असं त्यांना वाटलं. धुकं इतकं दाट की आमची तोंडंसुद्धा दिसत नव्हती. पिवळी रेशमी पुडकी तेवढी एकामागून एक धुक्यातून बाहेर येत होती, आणि प्रत्येक पुडक्याखालून एक एक डोकं टेकून जात होतं.

मी प्रामाणिकपणे ओरडून सांगितलं, की बाबांनो, ही कांग्यूर नाही, पोरांच्या मेल आहेत. गाव पोट धरून हसलं. गेल्या वर्षी मी यांनाच सांगितलं होतं की माझा याक उलटा चालतो. देमा नावाची एक म्हातारी आहे तिथली, आबी देमा, म्हणजे देमाआजी, सत्तरीची, बोंगझोरची सगळी भांडणं तीच लावते आणि तीच मिटवते. तिनं माझ्या पाठीवरची पुडकी उतरवून घेतली आणि म्हणाली, "फुरपा, देवाच्या दारात तरी तोंड बंद ठेव."

रीत अशी की पुढच्या शिवेपर्यंत पोथ्या त्या गावानं वाहायच्या. शंभरावर माणसं निघाली. ल्हाझीननं एक पुडकं आपल्याच पाठीवर ठेवलं, बाकीचे आम्ही रिकाम्या हातांनी त्यांच्या मागून चाललो आणि वेग दुप्पट झाला. पण रीत अशीही की प्रत्येक घरापुढं थांबायचं, लोण्याचा चहा घ्यायचा, भाजलेले पोहे घ्यायचे, घरातल्या आजाऱ्याच्या डोक्याला पुडकं लावायचं. एका घरी तर आजारी गाय होती. ल्हामखार गावात तेराची सकाळ उजाडली ती अशी. ल्हाझीन प्रत्येक दारात हसून चहा घ्यायची, आणि पाठ फिरली की मनगटावरचं घड्याळ बघायची. तिनं कुणालाही घाई केली नाही. ल्हामखारची माणसंही बरोबर निघाली, आणि बोंगझोरची माणसं आपली शीव ओलांडूनही परत गेली नाहीत. इतकं सगळ्यांनी एकत्र चालणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मागं वळलो की डोंगराच्या अंगावर पिवळ्या ठिपक्यांची एक ओळ हलताना दिसायची, आणि मला, ज्याला आत काय आहे ते पक्कं माहीत होतं, त्यालाही हात जोडावेसे वाटायचे.

तेराच्या दुपारी दरडीच्या काठाशी आलो.

दरड म्हणजे जिथं डोंगर होता तिथं नुसता ओला राखाडी उतार, दोनशे पावलं रुंद, खाली नदीपर्यंत. अजून जिवंत होती. मधेच कुठूनतरी दगड सुटायचा आणि टणत्कार करत खाली जायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा. पलीकडे सेरझामची छपरं दिसत होती. बोंगझोरच्या दावानं पट्टा आवळला आणि उतारावर पाय ठेवला. कांग्यूर पाठीशी असल्यावर दगडाला काय भ्यायचं, असं तो म्हणाला.

तेव्हा ल्हाझीन त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "ही कांग्यूर नाही. मेमे खरं बोलले होते. यात कॉलेजच्या मुलांची पत्रं आहेत. माझंही एक आहे, परवा पाचच्या आत मला ते हवंय. त्याच्यासाठी कुणी दरडीवर जायचं नाही. मी जाईन, जेवढं नेता येईल तेवढं."

ज्या पोरीनं दोन दिवस घड्याळ बघितलं, तिनं सगळं आपल्याच हातानं बुडवलं. एकशे आठ पुडकी तिला एकटीला कशी नेता येणार होती? आबी देमानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फुरपा बोलला असता तर सोडून दिलं असतं," आबी म्हणाली. "तू बोलतेस म्हणून विचारते. काय लिहिलंय त्यात?"

ल्हाझीननं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. आई, सुखरूप पोचलो. सर, दोन दिवस उशीर झाला, माफ करा. बाबा, पास झालो. मेसमध्ये आज पुन्हा बटाटा. तू रागावलीस का. नाही रागावले. आई, नेट नव्हतं म्हणून लिहिलं नाही, काळजी करू नको. एवढंच, एकोणीस हजार वेळा. पहिल्यांदाच मी मीठमसाला न लावता बोलत होतो आणि पहिल्यांदाच सगळे ऐकत होते.

आबीचा मुलगा आमच्याच कॉलेजात शिकला होता. आता तो ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, दुकानात रात्रपाळी करतो, आठ वर्षांत आलेला नाही. ती म्हणाली, "माझ्या सिंग्येचीही असतील?"

"आहेत."

"कुठल्या पुडक्यात?"

"सगळ्यांत," ल्हाझीन म्हणाली. "प्रत्येकात प्रत्येकाचं थोडं थोडं आहे, आबी. वेगळं करता येत नाही."

आबीनं आपल्या पाठीवरच्या पुडक्याला मागं हात लावला. मग शेजारच्या माणसाच्या. मग दावाच्या. दावाची मुलगी शिकली होती तिथं. ल्हामखारच्या तर दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी. लोक हलक्या आवाजात एकमेकांना विचारत होते, तुझा कुठल्या साली, तुझी कुठल्या साली. दावा म्हणाला, माझ्या जावयाचं पुडकं वेगळं निघत असेल तर सांगा, दरीत टाकतो. काही जण हसले, पण बेतानंच. मग आबी पुढं झाली, वाकली आणि ल्हाझीनच्या पाठीवरच्या पुडक्याला तिनं कपाळ टेकवलं. दोन दिवस टेकवत होतीच. पण आता आत काय आहे ते कळल्यावर टेकवलेलं ते पहिलं. तिच्यामागून सगळी रांग आली, आणि या खेपेला कुणी पोरांना पुढं ढकललं नाही. मोठी माणसं, एकेक करून, डोळे मिटून.

पाठीवर घेऊन जायचं नाही असं ठरलं. दोर आडवा बांधला, उतारावर चार-चार हातांवर, जमेल तिथं खडकाच्या आडोशाला, एकेक माणूस उभा राहिला, आणि पुडकी हातोहात पुढं सरकली. आता हे ऐका. साठावं पुडकं जात असताना वर गाईएवढा धोंडा सुटला. मी स्वतः पाहिलं. तो आबी देमाच्या डोक्यावर दोन हातांवर आला आणि थांबला. नुसता थांबला, घसरत्या चिखलात, जणू त्याच्याही पोरांची पत्रं त्यात होती. एकशे आठावं पुडकं आणि शेवटचा माणूस पलीकडे गेल्यावर तो खाली गेला, सावकाश, वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखा. खांडू म्हणतो धोंडा वीस पावलं अलीकडे होता आणि झाडाच्या मुळाला अडकला होता. झाड कुठं होतं ते मात्र त्याला दाखवता येत नाही.

सगळे पलीकडे जाईतो रात्र झाली, चौदाला सकाळी सेरझामला पोचलो. केझांग शहरी पोरगा. त्याला वाटलं होतं कुणीतरी पिशवीत डिस्क घेऊन येईल. दारात शंख वाजला आणि शंभरावर चिखलानं माखलेली माणसं एकशे आठ रेशमी पुडकी छातीशी धरून उभी. त्यानं नकळत बूट काढले. पहिलं पुडकं सोडलं आणि सात शिंका दिल्या, कारण एकवीस वर्षांच्या मिरच्या त्या डिस्कच्या हाडांत मुरल्या होत्या. मग एकेक डिस्क यंत्राला लागू लागली. काम चौदाचा अख्खा दिवस चाललं, पंधराच्या दुपारपर्यंत आलं. कुणी घरी गेलं नाही. अंगणात, ओसरीवर, बाजाराच्या छपराखाली सगळे बसून. पाच कोऱ्या निघाल्या तेव्हा केझांगनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

साडेतीनला शेवटची डिस्क लावली आणि ती फिरेना. केझांगनं काढली, पुन्हा लावली, कानाशी धरली. आत काही नाही. ल्हाझीन भिंतीला टेकून उभी होती. केझांग म्हणाला, गारठली असेल, कधीकधी ऊब दिली तर सुटते, पण शेगडीजवळ नको, जळेल. हे ऐकून आबी देमा आत आली, ती डिस्क तिनं त्याच्या हातातून घेतली, आपल्या किराच्या, म्हणजे अंगाला गुंडाळलेल्या वस्त्राच्या, घडीत छातीशी धरली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. अंडं उबवणाऱ्या कोंबडीला कुणी काही विचारत नाही, तसं आम्ही तिला काही विचारलं नाही. अर्ध्या तासानं तिनं डिस्क परत दिली. केझांगनं लावली. ती किंचित कण्हली, आणि फिरायला लागली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. एक कोटी बारा लाख पत्रं. गहाळ, शून्य. केझांग खुर्चीवरून उठला आणि त्यानं ल्हाझीनला बसायला सांगितलं.

खातं उघडलं. नवं, पांढरं स्वच्छ, आणि आत सगळी तिची जुनी पत्रं आपापल्या जागी. सगळ्यांत वर ते. तिनं दाबलं. पत्र लहानसंच होतं: तुम्हाला जागा दिली आहे, येणार असाल तर खाली हो म्हणा. तिनं हो म्हटलं. चार वाजून अठ्ठेचाळीस.

खोलीत मावतील तेवढी माणसं होती, बाकीची खिडकीत. आबीनं दबक्या आवाजात विचारलं की ते जिथं गेलं ते किती लांब. ल्हाझीननं सांगितलं, समुद्रापलीकडे, अर्धी पृथ्वी ओलांडून. आबीनं दरडीच्या दिशेला पाहिलं, मग पडद्याकडे. तेवढ्यात वर नवी ओळ आली. नव्या घरातलं पहिलं पत्र.

"वाच," आबी म्हणाली.

ल्हाझीननं इंग्रजीत वाचलं. तुमचं उत्तर मिळालं. आम्ही तुमची वाट पाहतो. मग आमच्या भाषेत सांगितलं.

खिडकीतल्यांना ऐकू आलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा वाचलं. मग अंगणातल्यांसाठी दारात येऊन तिसऱ्यांदा, मोठ्यानं, आणि या खेपेला तिचा आवाज कुठंही अडखळला नाही.